पुस्तक कपाटातून बाहेर काढ

«मावशी, सलाम. मी 36 वर्षांची. इंदुरात एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम बघते. नवरा पीथमपूरला कारखान्यात आहे. मुलगा 10 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची. सासूबाई आमच्याजवळ असतात. त्या मूळच्या नगरच्या, नर्स म्हणून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. गेली दोन-तीन वर्षं नाताळ जवळ आला की माझा जीव घाबरा होतो. केक, फराळ, सजावट, कपडे, भेटवस्तू, सगळं ऑफिस सांभाळून. टाउनशिपमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकटंच, म्हणून 24 तारखेला संध्याकाळी सांताक्लॉज आणून पार्टी करायचं कामही आमच्याच गळ्यात. मागच्या वर्षी त्या गडबडीत रात्रीची उपासना चुकली आणि 25 ला सकाळी मी चर्चमध्ये बसल्या जागी झोपले. घरी येऊन मुलीला विचारलं, नाताळ कुणाचा वाढदिवस? ती म्हणाली, सांताचा. मी रडले. सासरे असताना 24 ला रात्री तेच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून वाचायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली. धाकटे दीर-जाऊही तेव्हापासून येत नाहीत, घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे. नवरा म्हणतो, 25 डिसेंबर तरी बायबलमध्ये कुठे आहे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाई काहीच बोलत नाहीत. मला वाटतं सांता, झाड, पार्टी, सगळं बंद करून टाकावं. करू का?»

प्रिय मुली, सलाम.

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझा प्रश्न सांताचा आहे, पण मी अडकले ती दुसऱ्याच ओळीवर. जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहेस ती: सासरे असताना तेच शास्त्र उघडून वाचायचे. त्यांच्यानंतर ते पुस्तक कुणी उघडलं, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. बहुतेक कुणीच उघडलं नसेल. सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं असेल. सासरे जाऊन तीन वर्षं झाली, आणि नाताळ आला की जीव घाबरा होतो त्यालाही दोन-तीन वर्षं. हिशेब तुझा रोजचा आहे. हे दोन आकडे एकदा शेजारी मांडून बघ.

सांताने तुमच्या घरातून प्रभूला बाहेर काढलं, असं मला वाटत नाही. तुमच्या घरातला वाचणारा माणूस गेला. त्याच्यामागे कोण वाचणार हे कुणी ठरवलं नाही, कारण ते विचारणंही जड होतं. ती जागा तशीच राहिली आणि दिवे, केक, पार्टी येऊन त्यात बसले. ते बंद केलेस तर घर शांत होईल, पण वाचणारं तरीही कुणी नसेल. आणि मुलांच्या लक्षात काय राहील? आईने झाड काढून टाकलं तो नाताळ.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील शिक्षक होते. आम्ही छावणीत राहायचो. 24 ला रात्री जेवणं झाली की ते हातपाय धुऊन, टोपी घालून बसायचे आणि लूकचा दुसरा अध्याय, प्रभूच्या जन्माचा, वाचायचे. ते गेले त्या वर्षी आईने फराळात काही कमी केलं नाही. उलट जास्तच केलं, लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हा नानखटाई घरी भाजायची सोय नव्हती. मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीत जायचं, तिथेच पत्र्यावर गोळे थापायचे आणि भट्टीत आपला नंबर लागेपर्यंत उभं राहायचं. मी थोरली, म्हणून ते काम माझ्याकडे. त्या दिवशी गर्दी इतकी, की मी डबे घेऊन घरी पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. चर्च चुकलं. सगळे अंथरुणावर पडले आणि धाकट्या भावाने अंधारात विचारलं, "आज वाचायचं नाही?" कुणी उत्तर दिलं नाही. आई जागी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता.

पुढच्या वर्षी आईनेच वाचलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द लावत. 'क्विरीनिय' हे नाव आलं तिथे ती थांबली, पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाली, पुन्हा थांबली. भाऊ हसला नाही, मीही हसले नाही. वडिलांना पाच-सात मिनिटं लागायची, तिला चांगली वीस मिनिटं लागली. पण त्या रात्री नाताळ घरी परत आला. एवढी वर्षं झाली, तरी मला वडिलांचं वाचन पुसट आठवतं आणि आईचं ते अडखळणं लख्ख आठवतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. तुमच्या घरात शास्त्र कोण वाचणार, ते ठरव. बाकी सगळं त्याच्याभोवती आपोआप लहान-मोठं होईल.

माझ्या मते मुलाने वाचावं. तो दहा वर्षांचा आहे, देवनागरी त्याला येते. शाळा हिंदी-इंग्रजीची, म्हणून मराठी वाचताना अडेल. अडू दे. सासूबाई शेजारी बसतील आणि शब्द सांगतील. त्या काहीच बोलत नाहीत असं तू लिहिलं आहेस. त्यांना 'आई, तुम्ही काहीतरी बोला' म्हटलं तर त्या बोलणार नाहीत. पण नातू 'बाळंत्याने गुंडाळले' यावर अडकून 'आजी, बाळंतं म्हणजे काय' असं विचारेल, तेव्हा त्या गप्प राहू शकणार नाहीत. नर्स होत्या ना त्या? मऊ सुती लुगड्याचा तुकडा, त्यात बाळाचे हात आत घेऊन कसं गुंडाळायचं, हे त्या उशी घेऊन करून दाखवतील. तुझ्या मुलीला वाढदिवस कुणाचा हे त्या उशीवरून जितकं कळेल, तितकं तू दहा वेळा समजावून कळणार नाही.

वाचन मराठीतच होऊ दे. आपल्याकडच्या उपासना बहुतेक हिंदीत होतात आणि त्यात काही वावगं नाही. 1877 साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदुरात काम सुरू केलं. पुढे 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. त्यानंतरच्या काळात शाळा-दवाखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी जी मराठी कुटुंबं या गावात आली, त्यांच्या ट्रंकेत एक मराठी शास्त्र आणि गाण्यांची वही असायचीच. चर्चमध्ये हिंदी आणि घरी प्रार्थनेला मराठी, असं आपलं चालत आलं. घरची प्रार्थना थांबली, की ती दुसरी भाषाही थांबते आणि तिच्यासोबत आजीचा अर्धा विश्वास मुका होतो. सासूबाई नगरच्या. नारायण वामन टिळकांनी आयुष्याची कितीतरी वर्षं नगरला काढली. त्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला टिळकांची भजनं शिकवावी लागत नाहीत, ती आईच्या दुधाबरोबर येतात. एकदा त्यांना चाल धरायला सांग.

आता वेळेचं. 24 ची एक रात्र हाताशी धरून काही होणार नाही. त्या दिवशी तू थकलेलीच असणार. आपल्याकडे नाताळाआधी आगमनाचे चार रविवार आहेत ते यासाठीच. 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. चार रविवारी रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटं. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. स्टीलच्या ताटात चार मेणबत्त्या उभ्या कर. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चौथ्यापर्यंत. ही रीत कुठून आली ते मुलांना सांग, त्यांना आवडेल. जर्मनीत हाम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, अजून किती दिवस? 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची, म्हणजे मुलांना दिवस मोजता येतील. वाट बघायला शिकवणं म्हणजे काय, ते या माणसाला कळलं होतं. आपण मात्र हल्ली डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सगळे दिवे लावून मोकळे होतो. मग 24 ला नवीन काय उरणार?

पहिल्या रविवारी यशयाचा नववा अध्याय घे, अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला तो. लहानच भाग घे, सहा-सात वचनं पुरेत. दुसऱ्या रविवारी लूकच्या पहिल्या अध्यायातला जखऱ्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप. तिसऱ्या रविवारी मरीया अलीशिबेला भेटायला डोंगराळ मुलखात जाते आणि गाणं म्हणते, तो भाग सासूबाईंनी म्हणावा. त्यांना पाठ असेल असं मी पैजेवर सांगते. चौथ्या रविवारी मत्तयातला योसेफ. आणि 24 ला रात्री लूकचा दुसरा अध्याय, पहिली वीस वचनं.

तुझ्या नवऱ्याला यात ओढू नकोस. 25 डिसेंबर बायबलमध्ये नाही, हे तो खरंच म्हणतो. शुभवर्तमानांत तारीख नाही, महिनाही नाही. त्या दिवशी सण पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोमची आहे, इसवी सन 336 ची. हे त्याच्याशी भांडून सिद्ध करायचं नाही, सरळ मान्य करायचं. आपण तारखेची पूजा करत नाही, बाळाचा जन्म साजरा करतो, एवढं बोलून विषय सोड. मला त्याच्या बोलण्यात तारखेचा वाद कमी आणि बापाची आठवण जास्त ऐकू येते. वडिलांच्या जागी बसून वाचायचं त्याच्याने होत नसेल. पुष्कळ मुलग्यांचं असं होतं, आणि पुरुष ते बोलून दाखवत नाहीत. त्याला आगपेटी दे. मेणबत्ती त्याने लावायची, एवढंच त्याचं काम. जखऱ्याची वाचा कित्येक महिने गेली होती. पण बाळाचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्याने पाटी मागवून लिहिलं, आणि मग त्याचं तोंड उघडलं. तुझा नवरा कधी बोलेल ते तू ठरवायचं नाही.

मुलांना गोष्ट परक्या गावची वाटू देऊ नकोस. आपल्या मराठी शास्त्रात कसे शब्द आहेत बघ. क्विरीनिय हा सूरियाचा सुभेदार. इंदुरातल्या पोराला सुभेदार म्हणजे काय हे सांगायला नको, मल्हारराव होळकरांना सारा माळवा सुभेदार म्हणून ओळखायचा. पुढे 'उतारशाळा' येईल. तिथे त्याला अहिल्याबाईंच्या धर्मशाळा सांग. देशभर तीर्थांच्या गावी वाटसरूंसाठी त्यांनी धर्मशाळा आणि घाट बांधले. नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी, गावोगावचे लोक बेथलेहेमात लोटले होते, धर्मशाळा भरलेली होती आणि एका गरोदर बाईला पाठ टेकायला जागा मिळाली नाही. राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा बघत वाढलेल्या मुलाला हे ताबडतोब समजेल. अहिल्याबाईसुद्धा नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या. तुझ्या सासूबाईंसारखीच नगरकडची मुलगी माळव्यात आली. आता तर नगरचं नावच अहिल्यानगर झालं आहे. सासूबाई हे नातवंडांना अभिमानाने सांगतील.

गव्हाणी मुलांनी स्वतः करावी. बाजारात तयार मिळते ती आणू नकोस. पुठ्ठ्याचं खोकं, थोडं सुकं गवत, मातीचे प्राणी. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या फ्रान्सिसने पहिल्यांदा अशी गव्हाणी मांडली तेव्हा त्याने गवत आणि खरेखुरे बैल-गाढव आणले होते, म्हणजे न शिकलेल्या माणसालाही डोळ्यांनी दिसावं. बाळ मात्र 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचं नाही. ते सासूबाईंच्या उशाशी राहू दे. वीस वचनं वाचून झाली की धाकटीने आजीच्या हातून बाळ घ्यायचं आणि गवतावर ठेवायचं. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळाला बघायला निघालेले ज्ञानी, तर अजून लांब असतात. त्यांना दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेव आणि रोज थोडं पुढे सरकव. ते 6 जानेवारीला पोचतात. आणि ते तिघे होते असंही कुठे लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटी तेवढ्या लिहिल्या आहेत. मुलांना पाच मागी करायचे असले तर करू दे.

आता सांता. त्याला घरातून हाकलू नकोस. त्याला त्याच्या मूळ गावी पोचव. मायरा नावाचं एक शहर होतं, आजच्या तुर्कस्तानात. चौथ्या शतकात तिथे निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात, की एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नव्हते. निकोलस रात्री जाऊन खिडकीतून सोन्याची थैली टाकून आले. एकेका मुलीसाठी एकेक, आणि आपलं नाव कळू दिलं नाही. हुंड्यापायी बापाची झोप उडते म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या मुलीला सांग, सांता हा या माणसावरून आला. त्याचा वाढदिवस नाही, तो प्रभूचा सेवक होता. 6 डिसेंबरला त्याचा दिवस असतो. त्या दिवशी दोन्ही मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून कुणासाठी तरी काहीतरी घ्यायचं, गुपचूप. तुमच्याकडे रोज पहाटे कचरागाडी येते. इंदूर स्वच्छ म्हणून देशात गाजतं ते त्या गाडीवरच्या माणसांच्या जिवावर. डिसेंबरच्या थंडीत पहाटे उघड्या गाडीवर उभ्या असतात त्या बायका. लोकरी मोजे, कानटोपी, जे परवडेल ते. मुलांनी पिशवी हातात द्यायची आणि परत यायचं. फोटो काढायचा नाही, स्टेटसला टाकायचं नाही. तुलाही ते जड जाईल, पण निकोलसच्या गोष्टीतला जीव तिथेच आहे.

टाउनशिपच्या पार्टीबद्दल तू फार घाबरली आहेस. अगं, ते प्रेमाने सांगतात. त्यांना 24 ची संध्याकाळ म्हणजे काय हे माहीत नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रहवासी संघाच्या माणसाला सरळ सांग, "भाऊ, 24 ची संध्याकाळ आमच्यासाठी तुमच्या लक्ष्मीपूजनासारखी आहे. त्या वेळी आम्ही घरात आणि चर्चमध्ये असतो. पार्टी 27 ला ठेवू, मी स्वतः सगळं बघेन." लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर कुणी कुणाला पार्टीला बोलावत नाही, म्हणून हे त्यांना लगेच पटेल. आणि यात तू सवलत मागत नाहीस. नाताळ 25 ला सुरू होतो आणि 6 जानेवारीपर्यंत चालतो. 25 ला आपला सण संपतो हे दुकानांनी ठरवलेलं आहे. 27 च्या पार्टीत सांताही येऊ दे, गाणीही वाजू देत. सुरुवातीला पाच मिनिटं सासूबाईंनी उभं राहून आमच्या घरी हा सण का आणि कसा असतो ते सांगावं. उपदेश नको, कुणाला काही पटवायचं नाही. दिवाळीत शेजारीण वसुबारसेची गोष्ट सांगते ना, तसं. व्हाइट चर्चची रोषणाई बघायला जाणाऱ्या शेजाऱ्यांनाही आत काय वाचलं जातं याचं कुतूहल असतं, विचारायचा संकोच वाटतो इतकंच.

फराळ निम्मा कर. पाच पदार्थ रात्री दोन वाजेपर्यंत जागून करायचं कुणी सांगितलं नाही तुला. केक विकत आण, त्यात कमीपणा नाही. करंज्या मात्र घरी कर, कारण त्या एकटीला करताच येत नाहीत. तिसऱ्या रविवारच्या आदल्या शनिवारी दुपारी बस. सासूबाई सारण भरतील, मुलगा पाऱ्या लाटेल, धाकटी कातणं फिरवेल. तिच्या करंज्यांच्या कडा वाकड्या येतील आणि तळणीत दोन-चार फुटतील. पाऱ्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेव आणि घाई करू नकोस. हात कामात असले की म्हातारी माणसं बोलतात. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसूनच ओव्या म्हणायच्या. प्रभूची कथाही मराठीत पहिल्यांदा सविस्तर गायली गेली ती ओवीतच. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, त्याला आता चारशेहून अधिक वर्षं झाली. दिवाळीत शेजारच्या काकूंनी दिलेला डबा तुझ्याकडे रिकामा पडला असेल, तो या करंज्या भरून परत जाऊ दे.

दीर-जावेचं मी शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यांत अवघड. वाटणीचा प्रश्न या महिन्यात सुटणार नाही आणि तो सोडवायला जाऊही नकोस. पण आपल्याच इंदुरात घडलेली एक गोष्ट तुला माहीत असेल, तरी आठवण करून देते. सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या बाजूला गोरगरिबांत काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला त्यांना चालत्या बसमध्ये भोसकून मारलं. 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीला मारणाऱ्या त्या माणसाला तिने राखी बांधली. पुढे 4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारियांना धन्य घोषित करण्याचा सोहळा इथेच झाला. आपण प्रोटेस्टंट असू की कॅथलिक, या गोष्टीपुढे माझी मान खाली जाते. तुझ्या जावेने कुणाचा जीव घेतलेला नाही. तिने एका खोलीवरून भांडण केलं आहे. तिला फोन कर. जेवायला बोलावू नकोस, जेवण म्हटलं की मानपान आलं. एवढंच म्हण, "24 ला रात्री बाबांचं पुस्तक वाचणार आहोत. वाचायला येशील का?" ती नाही म्हणाली तर फोन ठेव आणि तिच्यासाठी एक पाट मांडून ठेव. आली, तर दोन्ही भावांनी एकमेकांकडे न बघता वाचन ऐकलं तरी चालेल.

हे सगळं एका वर्षात जमेल असं नाही. मेणबत्त्या राहिल्या, गव्हाणी अर्धी राहिली, करंज्या झाल्याच नाहीत, तरी 24 ची वीस वचनं सोडू नकोस. त्या रात्री चर्चला जायच्या आधी वाच, म्हणजे परत आल्यावर थकलीस तरी चुकणार नाही. चपला घालायच्या पंधरा मिनिटं आधीच सगळ्यांना बसव.

आणि पहिल्या रविवारची वाट बघू नकोस. आज-उद्या दुपारी, मुलं शाळेत असताना, सासूबाईंजवळ जाऊन बस आणि म्हण, "आई, बाबांचं शास्त्र काढायचं का?" कपाट त्यांनाच उघडू दे. पुठ्ठ्याच्या कडा सुटल्या असतील, पानं पिवळी पडली असतील. लूकच्या दुसऱ्या अध्यायाशी सासऱ्यांनी घातलेली एखादी खूण असेल, कॅलेंडरचा तुकडा, नाही तर औषधाच्या दुकानाची चिठ्ठी. त्यावर हात ठेवून सासूबाई थांबल्या तर तूही थांब, काही बोलू नकोस. ती खूण तिथेच राहू दे. मुलाच्या वाचनासाठी वेगळी कर.

तुझी,
मावशी